वाचकांचे प्रश्न : ड्रिलच्या बॅटरीवर दिवे लावताना

कॉर्डलेस ड्रिल, ग्राइंडर, करवत यांच्या बॅटऱ्यांवर दिवे चालवण्याबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे १८ व्होल्टची ड्रिलची बॅटरी आहे. तिला १२ व्होल्टची एलईडी पट्टी थेट जोडली. उजेड झकास पडला, पण काही मिनिटांतच पट्टी चटका बसेल इतकी तापली आणि दोन-तीन तुकडे काळे पडून बंद झाले. सहा व्होल्टच्या फरकाने एवढं का व्हावं?

फरक सहाचा नाही, नऊपर्यंतचा आहे. बॅटरीवर छापलेला १८ हा मधला आकडा. आत लिथियम-आयन सेलच्या पाच जोडण्या एकापुढे एक असतात. प्रत्येक सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि जवळजवळ रिकामा झाला की ३ व्होल्टवर येतो. म्हणजे पॅक चार्जरवरून काढला तेव्हा २१ व्होल्ट, काम संपताना १५ व्होल्ट. ज्या बॅटऱ्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं असतं त्यांतही हेच पाच सेल असतात, फक्त आकडा वरच्या टोकाचा छापलेला असतो. दिव्याचं कुठलंही गणित १८ धरून करू नका, १५ ते २१ धरून करा.

आता पट्टीकडे बघा. कात्रीची खूण जिथे जिथे आहे त्या दोन खुणांमधला तुकडा म्हणजे एक स्वतंत्र सर्किट : तीन एलईडी आणि एक रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा रोध, सगळे एकसरीत. भिंगातून पाहिलं तर अनेक पट्ट्यांच्या रेझिस्टरवर ‘१५१’ असं छापलेलं दिसतं. त्याचा अर्थ १५० ओहम. तीन पांढरे एलईडी मिळून साधारण ९.३ व्होल्ट घेतात. १२ व्होल्टवर रेझिस्टरच्या वाट्याला उरतात २.७ व्होल्ट, आणि त्यातून वाहतात १८ मिलिअँपिअर. एलईडी मात्र व्होल्टेज वाढलं म्हणून स्वतः फारसं जास्त घेत नाही. जादा व्होल्टेज जवळजवळ सगळं रेझिस्टरवर पडतं. २१ व्होल्टवर त्याच रेझिस्टरवर सुमारे १०.५ व्होल्ट येतात आणि करंट होतो ७० मिलिअँपिअर. करंट चौपट, पण रेझिस्टरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते : ०.०५ वॅटच्या जागी ०.७ वॅटच्या वर. तो तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा फार तर पाव वॅट सोसतो. तुमच्या पट्टीवर काळे पडलेले भाग याच रेझिस्टरच्या आजूबाजूचे असणार.

उपाय म्हणजे मध्ये बक कन्व्हर्टर, म्हणजे जास्त डीसी व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं छोटं मॉड्यूल. मोठा रेझिस्टर घालून व्होल्टेज पाडायचा विचारही करू नका. दोन अँपिअरला आठ व्होल्ट पाडायचे तर १६ वॅट नुसते उष्णतेत जातात, आणि पट्टीचा एखादा तुकडा बंद पडला की उरलेल्यांवर व्होल्टेज आणखी चढतं.

कन्व्हर्टर केवढा घ्यायचा? मीटरला ४.८ वॅटची पाच मीटर पट्टी २४ वॅट घेते, म्हणजे १२ व्होल्टवर २ अँपिअर. एलएम २५९६ या आयसीवरच्या मॉड्यूलवर ‘३ अँपिअर’ लिहिलेलं असतं, पण हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय, २ अँपिअरला तो सतत चांगलाच तापतो. एवढ्या पट्टीसाठी ५ अँपिअरचं मॉड्यूल घेणं शहाणपणाचं. मीटरला १४.४ वॅटची दाट पट्टी पाच मीटर लावायची असेल तर ती ७२ वॅट होते. तेवढ्याला ५ अँपिअरचं मॉड्यूलही पुरत नाही. पट्टीच कमी करा.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त बॅटरी आणि कन्व्हर्टर जोडा, पट्टी नको. मल्टिमीटर आउटपुटवर लावा आणि निळ्या डबीवरचा पितळी स्क्रू छोट्या पेचकसाने फिरवा. हा स्क्रू अनेक फेऱ्यांचा असतो. नव्या मॉड्यूलवर सुरुवातीच्या दहा-बारा फेऱ्यांत आकडा हलतच नाही असं पुष्कळदा होतं, त्यामुळे मॉड्यूल खराब आहे असं समजून फेकू नका. आउटपुट ११.५ व्होल्टवर आणा. १२ ऐवजी ११.५ का? उजेडातला फरक डोळ्याला जेमतेम कळतो, आणि पट्टी बरीच गार राहते. त्यानंतरच पट्टी जोडा आणि आकडा पुन्हा एकदा तपासा. पाच मीटर पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसत असेल तर आउटपुट वाढवू नका. पट्टीतलं तांबं पातळ असतं, व्होल्टेज तिथे पडतं. कन्व्हर्टरपासून दुसरी वायर ओढून पट्टीला दोन्ही टोकांनी पुरवठा द्या.

एक धोका सांगायलाच हवा. बक कन्व्हर्टर बिघडतो तेव्हा पुष्कळदा त्याचा आतला स्विच शॉर्ट होतो आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज सरळ पट्टीवर जातं. म्हणून बॅटरी आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. २४ वॅटची पट्टी नीट चालू असताना बॅटरीतून दोन अँपिअरपेक्षा कमी जातात, तर कन्व्हर्टर शॉर्ट झाल्यावर तीच पट्टी सात-आठ अँपिअर ओढू लागते. फ्यूज लगेच उडतो, पट्टी वाचते.

प्रश्न : कन्व्हर्टर न लावता पीडब्ल्यूएम डिमर लावून उजेड ५० टक्क्यांवर ठेवला तर १२ व्होल्टची पट्टी चालेल का?

नाही. पीडब्ल्यूएम डिमर व्होल्टेज कमी करत नाही, तो पुरवठा वेगाने चालू-बंद करतो. ज्या क्षणी चालू आहे त्या क्षणी पट्टीवर पूर्ण २१ व्होल्टच असतात आणि प्रत्येक एलईडीतून चौपट करंट जातो. ५० टक्क्यांवर सरासरी काढली तरी ती दुप्पट येते. शिवाय कुणी बटण पूर्ण फिरवलं की पट्टी संपली. डिमर हवा असेल तर तो कन्व्हर्टरच्या पुढे, पट्टीच्या बाजूला लावा.

प्रश्न : बॅटरीवर दिवा रात्रभर चालू राहिला. सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली होती, आणि आता चार्जरवर लावली की चार्जर बिघाडाची खूण दाखवतो, चार्ज होत नाही. अशा बॅटरीत स्वतःचं संरक्षण नसतं का?

सगळ्यांत नसतं, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त बॅटऱ्या मरतात. अनेक कंपन्यांच्या पॅकमध्ये सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट असतं, पण बंद करायचा स्विच पॅकमध्ये नसून हत्यारात असतो. पॅक ‘आता पुरे’ असा इशारा एका वेगळ्या टर्मिनलवरून देतो किंवा ड्रिल स्वतः व्होल्टेज मोजतं, आणि ड्रिल थांबतं. तुम्ही नुसत्या प्लस-मायनसला दिवा जोडलात की तो इशारा ऐकणारं कुणीच उरत नाही. काही कंपन्या मात्र तोडणारा स्विच पॅकमध्येच देतात. तुमच्या पॅकमध्ये काय आहे हे खात्रीने माहीत नसेल तर ‘संरक्षण नाही’ असंच धरून चाला.

दिवा हा भार ड्रिलपेक्षा जास्त घातक ठरतो तो याच कारणाने. ड्रिल हातात असतं, जोर कमी झाला की कळतं. कन्व्हर्टरवरचा दिवा शेवटपर्यंत सारखाच उजेड देतो, आणि बॅटरीचं व्होल्टेज खाली जाईल तसा कन्व्हर्टर तिच्यातून जास्त करंट ओढतो.

लिथियम सेल २ व्होल्टच्या खाली जाऊन तसाच राहिला की आतल्या ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतं. पुढे चार्ज करताना ते भलत्याच जागी जमा होतं आणि सेलच्या आत शॉर्ट तयार होऊ शकतो. असा सेल चार्ज होताना किंवा नंतर कधीही तापू शकतो, पेटूही शकतो. चार्जर नकार देतो तो म्हणूनच.

तुमच्या पॅकचं काय करायचं ते मल्टिमीटर सांगेल. प्लस-मायनसवर १२.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर बरेचसे चार्जर थोडा वेळ घेऊन, सुरुवातीला हळू, चार्जिंग सुरू करतात. १० व्होल्टच्या खाली असेल, म्हणजे सेलमागे २ व्होल्टपेक्षा कमी, तर पॅक बाद समजा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. मधल्या पट्ट्यात चार्जरने नाही म्हटलं तर त्याचं ऐका. दुसरी भरलेली बॅटरी वायरने जोडून मेलेली ‘जागी’ करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका. त्या मिनिटभरात करंटवर मर्यादा नसते, तापमान कुणी बघत नसतं, आणि चार्जरने ज्या कारणासाठी नकार दिला ते कारण आत तसंच असतं.

पुढच्या वेळेसाठी लो-व्होल्टेज कटऑफ मॉड्यूल लावा, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेलं की दिवा आपोआप तोडणारं मॉड्यूल. ते फ्यूजनंतर आणि कन्व्हर्टरच्या आधी येतं. पाच सेलच्या पॅकसाठी तोडण्याचा आकडा १५.५ व्होल्ट ठेवा आणि पुन्हा जोडण्याचा १८. या दोन आकड्यांत अंतर ठेवायचं कारण असं : भार सुटला की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं. तोडणं १५.५ आणि जोडणं १५.८ असं ठेवलंत तर दिवा बंद होईल, व्होल्टेज वर येईल, दिवा लागेल, पुन्हा बंद होईल, आणि मॉड्यूलमधला रिले, म्हणजे दिवा जोडणारा-तोडणारा स्विच, टकटक करत राहील.

काही जण १२.५ वर तोडतात, कारण सेलच्या माहितीपत्रकात २.५ व्होल्ट ही किमान मर्यादा दिलेली असते. पण मॉड्यूल पाचही सेलची बेरीज बघतं, एकेक सेल नाही. जुन्या पॅकमध्ये एक सेल नेहमी इतरांपेक्षा आधी रिकामा होतो. बेरीज १२.५ असताना चार सेल २.८ वर आणि पाचवा १.३ वर असू शकतो. १५.५ च्या खाली उरलेली ऊर्जा तशीही फार थोडी असते. तिच्यासाठी पॅक गमावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : बॅटरीला वायर जोडायची कशी? तिच्या तोंडाशी पाच-सहा पितळी खाचा आहेत.

त्यांतल्या दोनच तुमच्या कामाच्या. बहुतेक पॅकवर खाचांजवळ प्लास्टिकमध्येच प्लस आणि मायनसची खूण कोरलेली असते. बाकीच्या खाचा तापमानाचा सेन्सर, ओळखीचा सिग्नल किंवा मधल्या सेलच्या जोडण्या यांच्या असतात. त्यांना हात लावू नका. मधल्या सेलच्या जोडणीवरून भार घेतला तर मोजके सेलच रिकामे होतात आणि पॅकचा तोल कायमचा जातो. खुणेवर विसंबूनही राहू नका, मल्टिमीटरने खात्री करा : भरलेल्या पॅकवर २० ते २१ व्होल्ट दिसले पाहिजेत.

सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे त्या मेकच्या पॅकसाठी मिळणारा तयार अडॅप्टर. दोन वायरी बाहेर आलेला प्लास्टिकचा बूट असतो, बॅटरी सरकवली की खटका बसतो. तो नसेल तर त्याच मेकच्या बंद पडलेल्या हत्याराचा तळाचा भाग कापून घ्या. त्यात टर्मिनलची पट्टी आणि सरकवण्याची खोबण आयती मिळते. मात्र त्यातल्या स्विचकडे जाणाऱ्या जुन्या वायरी काढून टर्मिनलपासून नव्या घ्या. नुसत्या खाचांमध्ये सुट्या स्पेड लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या चपट्या धातूच्या जिभा, खुपसून काम चालवणं तात्पुरत्या मोजमापापुरतं ठीक. कायमचं करू नका, कारण धक्का लागून एक लग निसटला की तो दुसऱ्याला टेकतो. बॅटरीच्या टर्मिनलवर थेट डाग देऊन वायर जोडायची नाही. उष्णता आतल्या सेलपर्यंत जाते आणि तो पॅक पुन्हा चार्जरवर बसत नाही.

फ्यूज प्लसच्या वायरवर, बॅटरीपासून दहा सेंटिमीटरच्या आत हवा. गाड्यांत असतो तसा पात्याचा फ्यूज होल्डरसकट वापरा, तो ३२ व्होल्ट डीसीसाठीच बनवलेला असतो. फ्यूज दिव्याजवळ लावून उपयोग नाही, कारण त्याच्या अलीकडे वायर घासून शॉर्ट झाली तर त्याला कळणारच नाही. या बॅटऱ्या ड्रिलला एका झटक्यात कित्येक दहा अँपिअर द्यायला बनवलेल्या आहेत, शॉर्ट झाल्यावर त्याहून पुष्कळ जास्त देतात. बारीक वायर काही सेकंदांत लाल होते आणि तिचं आवरण पेट घेतं. वायर १ चौरस मिलिमीटरची वापरा, एवढ्या दिव्यांना ती भरपूर होते.

प्रश्न : गाडीला लावायचा ‘१०–३० व्होल्ट’ लिहिलेला एलईडी वर्क लॅम्प आहे. त्यालाही कन्व्हर्टर लागेल?

नाही, आणि पट्टीपेक्षा हाच मार्ग आम्हाला जास्त आवडतो. अशा दिव्यात स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, असतो. १५ असो वा २१, एलईडीतला करंट तो सारखाच ठेवतो. हीटसिंकही दिव्याचाच भाग असतो. फ्यूज, स्विच आणि कटऑफ मात्र इथेही तितकेच हवेत, कारण उजेड कमी होत नसल्याने बॅटरी उतरल्याचं कळत नाही.

किती वेळ चालेल ते असं काढा : १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर. दिवा १८ वॅटचा असेल तर कागदावर चार तास. कटऑफमुळे तळाचा थोडा भाग वापरायचा नाही आणि बॅटरी नवी नाही, हे धरून साडेतीन तास समजा. दिव्यावर लिहिलेले वॅट पुष्कळदा फुगवलेले असतात. मीटरने करंट मोजा, व्होल्टेजने गुणा, तो खरा आकडा.

प्रश्न : छोट्या स्क्रू-ड्रायव्हरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी १२ व्होल्टच्या पट्टीला थेट चालेल?

चालेल. ‘१२ व्होल्ट’ किंवा ‘१०.८ व्होल्ट’ लिहिलेल्या या पॅकमध्ये तीन सेल असतात. पूर्ण भरल्यावर १२.६, रिकामा होताना ९. वरच्या उदाहरणातल्या १५० ओहमच्या पट्टीत १२.६ व्होल्टवर सुमारे २२ मिलिअँपिअर जातात, ते पट्टी सहज सोसते. १०.८ वर उजेड निम्म्याच्या आसपास येतो, आणि ९ च्या जवळ पट्टी विझू लागते, कारण तीन एलईडींना पेटायलाच तेवढे व्होल्ट लागतात. इथे दिवाच बॅटरीची स्थिती सांगतो. मंद झाला की बॅटरी काढा. या मांडणीत मध्ये बक कन्व्हर्टर घालू नका. त्याला आउटपुटपेक्षा दीड-दोन व्होल्ट जास्त इनपुट लागतं, ते इथे मिळत नाही. फ्यूज अर्थातच हवा.

प्रश्न : दिवा बंद करूनही अडॅप्टरवर ठेवलेली २ अँपिअर-अवरची बॅटरी आठवडाभरात उतरते. बॅटरी खराब झाली का?

बहुधा बॅटरी ठीक आहे, स्विचची जागा चुकली आहे. स्विच कन्व्हर्टरच्या पुढे, पट्टीच्या बाजूला असेल तर पट्टी बंद झाली तरी कन्व्हर्टर जागाच राहतो. त्याचा आयसी आणि त्यावरचा छोटा इंडिकेटर मिळून सुमारे १० मिलिअँपिअर खातात. २००० मिलिअँपिअर-अवर भागिले १० म्हणजे २०० तास, आठ दिवसांच्या थोडं वर. तुमच्या आठवड्याशी हिशेब जुळतो. कटऑफ मॉड्यूलही दिवा तोडल्यावर स्वतःच्या डिस्प्लेसाठी बॅटरीतून थोडं थोडं घेतच राहतं. स्विच फ्यूजच्या लगेच पुढे, बाकी सगळ्याच्या आधी लावा, आणि काम झालं की बॅटरी अडॅप्टरवरून सरकवून काढा.

प्रश्न : जास्त वेळ चालावं म्हणून दोन बॅटऱ्या समांतर जोडू का?

थेट नको. एक २१ व्होल्टला आणि दुसरी १६ ला असेल तर मधले पाच व्होल्ट फक्त सेल आणि वायरीच्या रोधावर पडतात. तो रोध एका ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, म्हणजे क्षणात ५० अँपिअरच्या घरात करंट एका बॅटरीतून दुसरीत घुसतो, कुठल्याही चार्जरच्या देखरेखीशिवाय. प्रत्येक बॅटरीच्या प्लसवर ५ अँपिअरचा एक शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि आपापला फ्यूज लावला तर चालतं. डायोडचं पांढरा पट्टा असलेलं टोक दिव्याकडे. त्यात अर्धा व्होल्ट जातो, तेवढा सोसावा. आमचं मत विचाराल तर दोन जागांचा चेंजओव्हर स्विच लावा आणि एक उतरली की दुसरीवर या. डायोडची उष्णता नाही, आणि दुसरी बॅटरी कधी सुरू झाली हे तुम्हाला ठाऊक असतं.

प्रश्न : जुन्या ड्रिलची १४.४ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी पडून आहे. तिचा उपयोग होईल?

होईल, आकडे बदला. तिच्यात १.२ व्होल्टचे बारा सेल आहेत. चार्जरवरून काढल्यावर १७ च्या आसपास दाखवेल, म्हणून १२ व्होल्टच्या पट्टीला थेट नको. तोडण्याचा आकडा सेलमागे १ व्होल्ट धरून १२. त्याखाली गेलं की सर्वांत कमकुवत सेल इतरांच्या करंटमुळे उलट दिशेने चार्ज होऊ लागतो आणि तो पुढे धड धरत नाही. बक कन्व्हर्टर शेवटच्या टप्प्यात १२ व्होल्ट पुरवू शकणार नाही, पट्टी मंद होईल, आणि तीच तुमची खूण. ही बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते, तेव्हा वापरायच्या आदल्या दिवशी चार्ज करा. चार्जिंग तिच्याच चार्जरवर. लिथियमच्या चार्जरवर ही बॅटरी किंवा हिच्या चार्जरवर लिथियम पॅक कधीही बसवायचा नाही. सेल बाद झाल्यावर पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे.